काखेतली ड्रेनची नळी घरी कशी सांभाळायची

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या की लसिकेच्या बारीक वाहिन्या तुटतात आणि त्यांतलं पाणी पाझरत राहतं. ते आत साचू नये म्हणून सर्जन नळी ठेवतात. तिच्या टोकाला वळ्यावळ्यांचा डबा असतो, पेटीच्या भात्यासारखा: दाबून बंद केला की तो फुगायला बघतो आणि पाणी ओढून घेतो. खानापूर, नंदगड, जांबोटीकडच्या बायका बेळगावहून ही नळी लावूनच घरी जातात. म्हणून वॉर्डातून सोडण्याआधी मी सुनेकडून नाहीतर लेकीकडून हे काम माझ्यासमोर करून घेते.

रोज एकाच वेळेला करायचं. सकाळची चहाची वेळ बरी. साबणानं हात धुवा. आधी नळी पिळायची: कातडीजवळ एका हातानं ती घट्ट धरा, नाहीतर टाक्यावर ताण येतो. दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून डब्याकडं सरकत या. रक्ताची बारीक गुठळी अडकली असेल तर पुढं जाते. मग नळीची क्लिप बंद करा, डब्याचं बूच उघडा, पाणी मापाच्या कपात ओता. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. डबा पूर्ण दाबा, दाबलेलाच धरून बूच लावा, मगच क्लिप उघडा. डबा लगेच फुगला तर कुठूनतरी हवा शिरतेय; बूच पुन्हा घट्ट बसवून बघा. पाणी संडासात ओतून भरपूर पाणी सोडा.

आकडा मात्र त्याच क्षणी लिहा. तारीख, किती मिली, रंग कसा. वही नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, पण लिहा. घरचे "आता कमी येतंय" म्हणतात, त्यावर सर्जन नळी काढू शकत नाहीत. २४ तासांत ३० मिलीच्या आत, तेही लागोपाठ दोन दिवस, असं दिसलं की बहुतेक सर्जन नळी काढतात. रंग आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो.

डबा कापडी पिशवीत घालून परकराच्या नाडीला बांधा, जखमेच्या खालीच राहू दे. एसटीत पिशवी मांडीवर धरा, लोंबकळू देऊ नका. पुढून बटणांचा सैल ब्लाऊज घाला. नळी आहे तोवर हात खांद्याच्या वर नेऊ नका, पण कोपर आणि बोटं हलवत राहा.

ताप, लाली, घाण वास, एकदम ताजं लाल रक्त, दुधासारखं पांढरं पाणी, किंवा पाणी अचानक थांबून काख फुगणं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नसतो, तिथल्यांनी उद्यावर ढकलू नये.

नळी काढल्यावरही कधी काखेत पाणी साचून फुगवटा येतो. तो चोळू नका, शेकू नका. डॉक्टर सुईनं काढून देतात.