ह्यूई गरगर फिरतेय? आधी अ‍ॅक्सिस तपासा

डीसीएस या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ह्यूई, म्हणजे यूएच-1एच हेलिकॉप्टर, जमीन सोडताच गरगर फिरू लागलं, तर लगेच स्वतःच्या हातांना दोष देऊ नका. नवीन जॉयस्टिक किंवा पेडल जोडले की हा सिम्युलेटर त्याला आपणहून अ‍ॅक्सिस नेमून देतो, म्हणजे ते हेलिकॉप्टरचा कोणता कंट्रोल हलवेल ते ठरवतो. मग एकाच कलेक्टिव्हवर (हेलिकॉप्टर वर-खाली नेणाऱ्या दांड्यावर) दोन उपकरणं भांडत बसतात. कंट्रोल सेटिंगमध्ये ह्यूई निवडा, 'अ‍ॅक्सिस कमांड्स' उघडा आणि जादा नोंदी पुसा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. नंतर कॉकपिटमध्ये कीबोर्डवरचं उजवं कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. स्टिक, पेडल, कलेक्टिव्ह सिम्युलेटरला कुठे दिसतायत ते एका छोट्या चौकटीत कळतं. कलेक्टिव्ह वर ओढल्यावर खूण खाली जात असेल, तर तो अ‍ॅक्सिस उलटा करा.

एवढं करूनही नाक उजवीकडे वळत असेल तर तो बिघाड नव्हे, रोटरचा टॉर्क, म्हणजे फिरत्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरला उलट दिशेने बसणारा पीळ. कलेक्टिव्ह उचलतानाच डावं पेडल द्या.

एडीएफची, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ बीकनची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई दिशा दाखवत नसेल तर नॉब बहुधा 'एएनटी'वर राहिलेला असतो. तिथे बीकन फक्त ऐकू येतो. तो 'एडीएफ'वर फिरवा.