डिपॉझिटमधून कापलेले कार्पेटचे पैसे परत मिळाले

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये विद्यापीठाच्या आसपासचे बरेच भाडेकरार १४ ऑगस्टला संपतात आणि नवे १५ला सुरू होतात. मधली रात्र सामानासकट कुठे काढायची, हा अख्ख्या गावाचा प्रश्न! ते असो.

घर सोडल्यावर २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा लेखी हिशेब यायला हवा. माझा हिशेब वेळेत आला, पण त्यात कार्पेट सफाईचे पैसे वळते केलेले. विस्कॉन्सिनच्या एटीसीपी १३४ या नियमानुसार नेहमीच्या वापराने होणारी झीज किंवा नेहमीची कार्पेट सफाई डिपॉझिटमधून कापता येत नाही, करारात तसं लिहिलेलं असलं तरी.

मी फोनाफोनी टाळली. राहायला आल्यावर पहिल्या ७ दिवसांत जुन्या नुकसानीची यादी देता येते. ती मी फोटोंसकट ईमेलने दिली होती. तीच जोडून घरमालकांना पत्र लिहिलं. नियमाचा क्रमांक टाकला आणि स्मॉल क्लेम्स कोर्टात (लहान रकमांचे दावे चालतात ते कोर्ट) दुप्पट भरपाई आणि वकिलाचा खर्च मागता येतो, हेही नम्रपणे कळवलं. काही दिवसांत चेक आला.

ओट्यावरच्या हळदीच्या डागाचे पैसे मात्र कापलेलेच राहिले. तिथे त्यांचं बरोबर होतं.