मॉडेल विमानात पेट्रोल इंजिन आणि सायलेन्सर कसे बसवावे

नवे इंजिन हातात आले की पहिला मोह होतो तो ड्रिल घेऊन फायरवॉलला, म्हणजे इंजिन ज्यावर बसते त्या नाकातल्या आडव्या लाकडी भिंतीला, भोके पाडण्याचा. तो आवरा. पेट्रोल इंजिन फायरवॉलवर चार बोल्टवर बसते आणि ते काम एका संध्याकाळचे आहे. वेळ खातात त्या दोन गोष्टी, थरथर आणि उष्णता, आणि त्या दोन्हींचा हिशेब सायलेन्सरपासून सुरू होतो. म्हणून भोके पाडण्याआधी धूर कुठून बाहेर काढायचा ते ठरवा.

पर्याय मुख्यतः दोन. इंजिनासोबत येणारा किंवा सिलिंडरला वेढून बसणारा सायलेन्सर काऊलच्या, म्हणजे इंजिनावरच्या नाकाच्या आवरणाच्या, आतच मावतो, हलका असतो आणि फारशी सुतारकी मागत नाही. दुसरा कॅनिस्टर, म्हणजे विमानाच्या पोटातल्या बोगद्यात बसणारा लांब नळकांड्याचा सायलेन्सर. आवाज खूप कमी होतो, पण त्यासाठी पोटात जागा, हवेची वाट आणि वाकवलेला हेडर पाइप (इंजिनातून धूर कॅनिस्टरपर्यंत नेणारी नळी) लागतो. विमान मुळात बोगद्यासह बनवलेले नसेल तर पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने कॅनिस्टरच्या नादी लागू नये, असे माझे मत आहे. सायलेन्सर ठरला की सिलिंडर खाली ठेवायचा की आडवा, हे आपोआप ठरते.

फायरवॉल

२० ते ६० सीसीच्या एकसिलिंडरी इंजिनाचा प्रत्येक स्फोट फायरवॉलला धक्का देतो. ती चांगल्या प्रतीच्या, किमान ६ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची हवी. मागच्या कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्ट्या सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने चिकटवा आणि बाजूने फ्यूजलाजमधून (विमानाच्या धडातून) लाकडी खुंट्या ठोका. पाच मिनिटांत सुकणारे इपॉक्सी इथे नको. ते उष्णतेने आणि पेट्रोलने लवकर हार मानते. शेवटी पुढच्या पृष्ठभागावर पातळ इपॉक्सीचा हात फिरवा, म्हणजे लाकूड तेल पिणार नाही.

आता कोनाचा प्रश्न. प्रोपेलरच्या ओढीमुळे विमान डावीकडे वळू पाहते, म्हणून इंजिनाचे तोंड साधारण २ ते ३ अंश उजवीकडे ठेवतात. पण इंजिन फायरवॉलच्या मधोमध बसवून नुसते वळवले, तर प्रोपेलरचा हब (मधला भाग) काऊलच्या मध्याच्या उजवीकडे जातो आणि स्पिनर, म्हणजे प्रोपेलरवरची टोकदार टोपी, वाकडा दिसतो. उपाय सोपा आहे: इंजिन तेवढेच डावीकडे सरकवा. फायरवॉलपासून हबपर्यंतचे अंतर १६० मिलिमीटर आणि कोन २ अंश असेल, तर सरकवायचे अंतर १६० गुणिले ०.०३५, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर. इथे डावे म्हणजे वैमानिकाचे डावे. तुम्ही विमानासमोर उभे राहून खुणा करत असता, त्यामुळे ते तुमच्या उजव्या हाताला येते. पेन्सिलीने फायरवॉलवर 'विमानाचे डावे' असे सरळ लिहूनच टाका. तयार किटमध्ये फायरवॉल आधीच तिरकी असते आणि मध्यरेषाही सरकवलेली असते. ते न तपासता पुन्हा कोन दिला तर तो दुप्पट होतो.

फायरवॉल सरळ असेल तर डाव्या बाजूच्या दोन स्टँडऑफखाली (इंजिन फायरवॉलपासून पुढे धरणाऱ्या खांबांखाली) वॉशर घालूनही कोन मिळतो. स्टँडऑफची लांबी अशी घ्या की स्पिनरची मागची चकती आणि काऊल यांत ३ मिलिमीटर मोकळे राहतील. बोल्टच्या मागे मोठे वॉशर, नाहीतर नट लाकडात रुततात. प्रत्येक बोल्टला निळ्या रंगाचे लॉकिंग द्रव लावा. कार्ब्युरेटर मागे तोंड करून असेल तर त्याच्यासमोर फायरवॉलला खिडकी पाडा. त्याला श्वास घ्यायला जागा हवी.

सायलेन्सर बसवताना

सगळ्यात जास्त त्रास देतात ते सायलेन्सरचे बोल्ट. ते तापतात, गार होतात, थरथरतात आणि सुटतात. साधे निळे द्रव या उष्णतेत मऊ पडते. उच्च तापमानाचे लॉकिंग द्रव आणि स्प्रिंग वॉशर वापरा. बोल्टच्या डोक्याला भोक असेल तर तार ओवून दोन्ही बोल्ट एकमेकांना बांधणे सर्वांत खात्रीचे. गॅस्केट सपाट बसले आहे ना, बोटाने फिरवून बघा. तापणाऱ्या भागाभोवती, विशेषतः लाकूड आणि काऊलच्या बाजूने, बोटभर तरी जागा ठेवा आणि जवळच्या लाकडावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा.

कॅनिस्टर असेल तर तो फ्यूजलाजला घट्ट आवळू नका. इंजिन थरथरते, फ्यूजलाज तितके हलत नाही, आणि या ओढाताणीत हेडरला तडा जातो. हेडर आणि कॅनिस्टर टेफ्लॉनच्या कपलरने जोडा, दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावा आणि मागचे टोक प्लायवुडच्या कडीत सिलिकॉन नळीच्या तुकड्यावर टेकवा. शेपटाकडची नळी विमानाच्या बाहेर डोकावलीच पाहिजे, नाहीतर सगळे तेल पोटात साचेल.

काऊल कापणे

इथे घाई केली तर काऊल गेलीच म्हणून समजा. पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाची मागची कड फ्यूजलाजला चिकटवा, म्हणजे कागद दारासारखा पुढेमागे उघडेल. इंजिन आणि सायलेन्सर जागेवर असताना कागद पुढे आणा आणि मार्करने सायलेन्सरचे तोंड, प्लग, चोक व कार्ब्युरेटरच्या सुया (पेट्रोलचे प्रमाण जुळवणारे स्क्रू) कुठे येतात ते उतरवून घ्या. मग कागद मागे परतवा, इंजिन काढा, काऊल चढवा, कागद पुन्हा पुढे आणा. खुणा काऊलवर अचूक येतात. भोक लहान पाडून कानशीने हळूहळू वाढवा.

हवेचे गणित विसरू नका. आत येणाऱ्या हवेच्या तोंडापेक्षा बाहेर जाणारी वाट अडीच ते तीन पट मोठी हवी, कारण तापलेली हवा फुगते. आत आलेली हवा सिलिंडरच्या पात्यांवरूनच गेली पाहिजे. ती बाजूने निसटत असेल तर पातळ प्लायवुडचा अडसर लावून तिला वाट दाखवा. नाकातली निम्मी पोकळी मोकळी ठेवून इंजिन तापते म्हणून तक्रार करणारे बरेच भेटतात.

टाकी, इग्निशन, थ्रॉटल

या इंजिनांच्या कार्ब्युरेटरमध्ये पडद्याचा छोटा पंप असतो, त्यामुळे टाकी इंजिनाला चिकटून असण्याची गरज नाही. ती विमानाच्या तोलबिंदूजवळ ठेवा. मग पेट्रोल संपत गेले तरी तोल फारसा ढळत नाही. ५० सीसीला अर्धा लिटरची टाकी पुरते. बूच आणि नळ्या पेट्रोलसाठीच्या घ्या, सिलिकॉनच्या नळ्या पेट्रोलमध्ये फुगतात. पितळी नळीच्या टोकाला बारीक तारेचे कडे झाळून घेतले की रबरी नळी सटकत नाही. हवेची नळी टाकीच्या वरून वळसा घालून पोटाखाली सोडा.

इग्निशनचे मॉड्यूल (प्लगला ठिणगी पुरवणारी डबी), त्याची बॅटरी आणि स्विच नाकाच्या बाजूला. रिसीव्हर आणि त्याची बॅटरी मागे. दोघांमध्ये फूटभर अंतर ठेवण्याचा जुना नियम आजही पाळण्यासारखा आहे. थ्रॉटलची कांडी प्लास्टिकची घ्या, म्हणजे इंजिनाचा विजेचा खडखडाट सर्व्होपर्यंत (थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरपर्यंत) पोहोचत नाही. प्लगची टोपी नीट दाबून बसवा. प्लग इंजिनाला टेकलेला नसताना इग्निशन चालवू नका, मॉड्यूल जळू शकते. बॅटरीचा दाब किती चालतो ते मॉड्यूलवरच वाचा. रिमोटवरून इग्निशन बंद करणारा ऑप्टिकल स्विच मी तरी ऐच्छिक मानत नाही. सिग्नल तुटला की इग्निशन बंद, अशीच सेटिंग ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना

तोल इथे तपासा. इग्निशनची बॅटरी पुढेमागे करून तो बसवता येतो, शिसे भरणे हा शेवटचा उपाय. प्रोपेलर बॅलन्स करून घ्या. साधारण ३० सीसीला १८ बाय ८, ५० सीसीला २२ बाय ८ (व्यास आणि पिच, इंचांत) चालतो. त्याचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल ३२ ला १, म्हणजे लिटरमागे सुमारे ३१ मिलिलिटर. दोन्ही सुया साधारण दीड फेरा उघड्या ठेवून सुरुवात करा. विमान शेपटाकडून पक्के बांधा, हातात जाड हातमोजा, जवळ अग्निशामक, आणि प्रोपेलरच्या रेषेत कोणीही नको.

आधी मंद चालीची सुई जुळवा, मग वेगाची. इंजिन चालू असतानाच रिसीव्हरची रेंजही तपासा. बंद इंजिनावर केलेल्या चाचणीत इग्निशनचा उपद्रव कळत नाही. पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर काऊल काढून सगळे बोल्ट पुन्हा तपासा. सायलेन्सरच्या सांध्यावर काळ्या तेलाची रेघ दिसली तर तिथून धूर गळतो आहे. नुसते आवळून भागणार नाही, गॅस्केट बदला.