मूकपटाला घुमटाची साथ: ‘कालिया मर्दन’ देवळाच्या चौकात कसा वाजवावा

दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९चा. कृष्णाची भूमिका त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिची. मूकपटाला प्रत्यक्ष साथ करायची असेल तर गोव्यात सुरुवात याच चित्रपटाने करावी. कारण सरळ आहे: उत्सवातला गवळणकाला (कृष्णलीलांचा खेळ) पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे वादकांना सगळे लक्ष वाजवण्यावर देता येते. त्या काळी पडद्याशेजारी पेटी-तबला असायचाच. आपल्याकडे त्यात घुमट (मडक्याच्या एका तोंडाला चामडे ताणलेले वाद्य) आणि त्याच्या साथीचे, काठ्यांनी वाजवायचे शामेळ येतात.

चित्रपटाचा कॉपीराइट आपल्या कायद्यात ६० वर्षांचा, तो कधीच संपला. पण इंटरनेटवरच्या प्रतीला कुणी अलीकडे संगीत जोडलेले असेल तर त्या संगीताचे हक्क वेगळे असतात. प्रतीचा आवाज पूर्ण बंद ठेवा. स्वच्छ प्रत हवी असल्यास पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे लेखी विचारणा करा आणि त्यासाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवा.

आधी वेग ठरवा. बहुतेक प्रयोग इथेच फसतात. त्या वेळचा कॅमेरा हाताने फिरवायचे: एका फेऱ्याला ८ चौकटी (फ्रेम), सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सुमारे १६ चौकटी. आजचे यंत्र २४ दाखवते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. म्हणून १००० फुटांचे रीळ १६च्या वेगाने १६ मिनिटे ४० सेकंद चालते, तर २४च्या वेगाने जेमतेम ११ मिनिटे. माणसे तुरूतुरू पळतात, प्रेक्षक हसतो, आणि भक्तीचा प्रसंग हातातून जातो. प्रत २४वर उतरवलेली असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.६७ करा. चालणारा माणूस आणि पाणी बघून खात्री करा. चाल जड वाटली तर ०.७५, म्हणजे १८ चौकटी. काही प्रतींचा वेग आधीच सुधारलेला असतो, त्यांना हात लावू नका. वेग पक्का झाल्याशिवाय सुरावटीला बसू नका. नंतर बदललात तर सगळ्या वेळा चुकतात.

मग संकेतपत्र. एक वही घ्या, रकाने पाच: क्रमांक, वेळ, पडद्यावर काय दिसते, कोण वाजवणार, कशावर थांबणार. वादकाला अंधारात घड्याळ बघता येत नाही, म्हणून प्रत्येक संकेत दिसणाऱ्या गोष्टीला बांधा: ‘कृष्ण पाण्यात उडी घेतो’ असे लिहा, नुसते मिनिट-सेकंद नकोत. चित्राच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मराठीतून वाचायला एक निवेदक ठेवा. पाटी आली की पेटी खाली येते, तबला थांबतो. हा नियम मोडला की वाचलेले कुणालाच कळत नाही.

संपूर्ण चित्रपटाला एकच षड्ज ठेवा. मध्ये स्वर बदलला तर तबला पुन्हा लावायला वेळ मिळत नाही. नंदाघरच्या खोड्यांना खमाज किंवा पिलू, ठेका दादरा नाहीतर केरवा. कृष्णासाठी चार मात्रांची एक छोटी सुरावट बांधा आणि तो दिसेल तेव्हा प्रत्येक वेळी नव्हे, तर निर्णायक क्षणीच वाजवा. सुरुवातीला मंदाकिनी चेहऱ्यावर एकामागून एक भाव दाखवते. तिथे प्रत्येक भावाला नवी सुरावट देण्याचा मोह होतो, देऊ नका. षड्ज धरून ठेवा, वर एखादा कोमल स्वर येऊ द्या, बाकी काम ती मुलगी करते. प्रत्येक पाऊल, प्रत्येक आपटणे वाजवले तर पडदा आणि वाद्य एकच गोष्ट दोनदा सांगतात.

घुमट राखून ठेवायचा. आरतीत तो पहिल्यापासून घुमतो म्हणून इथेही घुमवावा असे नाही. तो पहिल्यांदा ऐकू यावा डोहात, कालियाशी झुंज सुरू झाल्यावर. राग नको, पेटी नको. डाव्या तळव्याने लहान तोंड उघडझाप करत घुमट, आणि झुंज चढेल तसा शामेळ. नाग शरण आला की सगळे थांबू द्या, मोजून चार सेकंद. त्यानंतर पेटी, झांज आणि शेवटी भैरवी.

घुमटाला आता बकऱ्याचे चामडे असते. घोरपडीच्या चामड्याला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तसले जुने वाद्य जाहीर कार्यक्रमात आणू नका. संध्याकाळच्या दमट हवेत चामडे सैल पडते आणि आवाज फुसका होतो. दुपारी उन्हात ठेवा, कार्यक्रमाआधी बल्बच्या उबेत. चुलीजवळ नेलात तर चामडे फाटते. दुसरा घुमट तयार ठेवाच, कारण मडके फुटले तर तिथल्या तिथे जोडता येत नाही.

पडद्याचे माप चुकवू नका. मूकपटाचे चित्र ४:३ असते. १२ फूट रुंद आणि ९ फूट उंच पडदा चौकाला पुरतो. आजचा प्रोजेक्टर मात्र १६:९ चित्र टाकतो, म्हणजे ९ फूट उंचीसाठी त्याची पूर्ण चौकट १६ फूट रुंद होते आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे पडतात. यंत्राचे अंतराचे गुणोत्तर (पडद्यापासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर तो १६ गुणिले १.५, म्हणजे २४ फुटांवर ठेवावा लागतो. १२ फुटांवरून हिशेब करणारे १८ फुटांवर टेबल लावतात आणि चित्र ७ फुटांहूनही कमी उंचीचे पडते. उघड्या चौकात ३००० ल्यूमेनच्या खालचे यंत्र नको. देवळाचे बाहेरचे दिवे बंद करायला समितीला आधीच सांगा.

वादक पडद्याच्या डाव्या बाजूला, तिरके. त्यांच्यासमोर तेच चित्र दाखवणारा लहान पडदा ठेवा, म्हणजे मान वळवावी लागत नाही. वहीवर पिवळा दिवा, वरून काळ्या कागदाची टोपी. मायक्रोफोन पेटीला एक, तबल्याला एक, घुमटाला वीतभर अंतरावर एक. स्पीकर मायक्रोफोनच्या पुढे ठेवा, मागे ठेवलेत तर शिट्टी वाजते. उघड्यावर ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या आणि रात्री १०च्या आत संपवा.

डिसेंबर-जानेवारीत सव्वासातपर्यंत पुरेसा अंधार होतो. वीज जाण्याची तयारी मात्र कुठल्याही महिन्यात हवी: लॅपटॉप बॅटरीवर, प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर. तरीही पडदा काळा झाला तर वादकांनी चालू ठेका मंद करत राहावा. वीज आली की चित्र दहा सेकंद मागे घ्या आणि निवेदकाने संकेताचा क्रमांक मोठ्याने सांगावा.