हापूस : मोहोर टप्प्याटप्प्याने येतोय, तर बागही टप्प्याटप्प्यानेच सांभाळा

दसरा झाला की पाऊस संपला, हा हिशोब आता कोकणात धरता येत नाही. हापूसच्या कलमाला मोहोर फुटायला दोन गोष्टी लागतात : मुळांशी जमीन सुकून बसलेला ताण आणि त्यावर रात्रीची थंडी. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की ताण बसत नाही आणि काडी मोहोराऐवजी पालवी काढते. ती पालवी जुनी, पक्की होईपर्यंत मोहोराचं नाव नाही. त्यात उकाड्याची भर. २०२४ चा ऑक्टोबर हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. २०२२ चा मार्च आणि २०२३ चा फेब्रुवारी यांनी कमाल तापमानाचे असेच विक्रम मोडले. शेवटचं टोकही आत सरकतंय : २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि मागास, म्हणजे उशिरा धरलेला, आंबा झाडावरच भिजला.

याचा बागेतला अर्थ एवढाच, की एकाच बागेत काही कलमांवर कणी (नुकतं धरलेलं बारीक फळ), काहींवर फुललेला मोहोर आणि काहींवर कोवळी पालवी एकाच वेळी दिसते. अशा बागेत ‘अमुक तारखेला पहिली फवारणी’ हे वेळापत्रक निरुपयोगी. डिसेंबरअखेर एक फेरी मारा आणि आगाप (लवकर मोहोरलेल्या), मधल्या व मागास कलमांच्या खोडांना वेगवेगळ्या रंगाचे पट्टे ओढा. पुढची सगळी कामं त्या रंगांनुसार करा. हे काम एका दिवसाचं आहे, पण त्याने फवारणीचा बराच पैसा वाचतो.

आगाप कलमांना खरी भीती पुनर्मोहोराची. फळधारणा झाल्यावर थंडी लांबली की त्याच फांदीवर नवा मोहोर येतो. झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि वाटाण्याएवढी, गोटीएवढी कैरी गळून जाते. नवा मोहोर दिसायला छान असतो, त्यामुळे पुष्कळजण खूश होतात. प्रत्यक्षात चांगल्या भावाचं फळ जाऊन मे महिन्यातलं स्वस्त फळ पदरात पडतं. पुनर्मोहोर टाळण्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे ती जिब्रेलिक ॲसिड या संजीवकाच्या ५० पीपीएम फवारणीची, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. मात्र भरपूर मोहोर आणि पुरेशी फळधारणा असलेल्या कलमांवरच ही फवारणी मारायची. ज्या कलमावर अजून मोहोरच कमी आहे तिथे मारली तर येणारा मोहोरही अडेल. रंगांचे पट्टे उपयोगी पडतात ते इथे.

मळभ आणि दमट हवा राहिली तर तुडतुडे ही कीड आणि भुरी, करपा हे रोग येणारच. औषध आणि मात्रा विद्यापीठाच्या वेळापत्रकातलीच घ्या. दुकानदाराने सुचवलेलं चार औषधांचं मिश्रण नको. एकाच गटातलं कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारलं की फुलकिडे त्याला दाद देत नाहीत, हे आता सगळीकडे दिसतंय. मोहोर फुललेला असताना फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर सकाळी ९ ते दुपारी १२ ही परागीकरणाची वेळ सोडा. माश्या-मधमाश्या मेल्या तर मोहोर कितीही असो, फळ धरणार नाही.

उन्हाचा तडाखा आता मार्चची वाट पाहत नाही. किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर गेला आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त राहिला की हवामान विभाग त्याला उष्णतेची लाट म्हणतो. २०२५ मध्ये तसा इशारा फेब्रुवारीतच आला होता. कातळावरच्या कलमांना हा ताप दुहेरी : वरून ऊन, खालून तापलेला दगड, आणि माती वीतभर. फळ वाटाण्याएवढं झालं की दर पंधरा दिवसांनी झाडामागे १५० ते २०० लिटर पाणी, असं तीन-चार वेळा द्या. पाणी खोडाशी नाही, फांद्यांच्या घेराखाली द्या, आणि वर गवत किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन करा. पाण्याची सोय नसेल तर निदान आच्छादन तरी कराच. त्याने जमिनीची धग कमी होते, आणि फळात साका होण्यामागे, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्यामागे, ही धगही असते. वाटाणा, गोटी आणि अंडं या तिन्ही अवस्थांत १ टक्का पोटॅशियम नायट्रेट (१० लिटरला १०० ग्रॅम) फवारल्यास गळ कमी होते.

गोटीपासून अंड्याएवढ्या फळाला २५ बाय २० सेंटिमीटरची कागदी पिशवी घातली तर ऊन, डाग आणि फळमाशी तिन्हींपासून बचाव होतो. मजुरी परवडत नाही हे खरं. मग हाताला येणाऱ्या फांद्या तरी घ्या.

फळपीक विम्यात भरपाई ठरते ती मुख्यतः महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, तुमच्या बागेतल्या नुकसानीवर नाही. तरीही बागेत कमाल-किमान तापमापी टांगून रोजची नोंद ठेवा, फवारणी आणि पाण्याचे निर्णय तिच्यावर घेता येतील. ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवरची पिकाची नोंद) राहून गेली असेल तर मुदत पाहून लगेच करा.

मागास गटाच्या बागेत मेच्या आधीच फळमाशी पकडणारे रक्षक सापळे लावा. पहिल्या वळवाबरोबर फळमाशी वाढते. काढणी ८५ टक्के पक्वतेला, म्हणजे चौदा आण्याला, देठासह, सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर करा. भाव वाढेल म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यापुढे फळ झाडावर ठेवू नका. कॅनिंगवाल्याशी बोलणी एप्रिलमध्येच उरकून घ्या, पाऊस आल्यावर तो सांगेल तो भाव घ्यावा लागतो.