केमो लिहून देणाऱ्या सिस्टरची वही

२०१७मध्ये इंग्लंडात औषधं लिहून देण्याचा कोर्स पास झाले, तेव्हा मिरजेला आईला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे तिथे डॉक्टर नाहीत का गं?" तिचं काय चुकलं? आपल्याकडे नर्सने केमो लिहून दिली तर पेशंटचे नातेवाईक आधी पोलिसांत जातील. इथे मात्र २००६पासून नर्स आणि फार्मासिस्ट स्वतंत्रपणे औषधं लिहू शकतात. आमच्या क्लिनिकमध्ये केमो सुरू करायचा निर्णय आणि संमती कन्सल्टंटकडे, म्हणजे मुख्य तज्ज्ञ डॉक्टरकडे असते. पुढच्या सायकलला (केमोच्या फेरीला) द्यायचं, आठवडाभर थांबायचं की डोस उतरवायचा, हे बहुतेक वेळा आम्ही ठरवतो.

सध्या आपल्याकडच्या दोघी हा कोर्स करताहेत. "ताई, पास झाल्यावर अभ्यास कसा टिकवायचा?" असं त्यांनी विचारलं. मी काय करते ते सांगते.

एक वही घ्या, कागदाचीच. क्लिनिक संपलं की घरी निघण्याआधी त्या दिवशी जिथे हात अडला ते एकच प्रिस्क्रिप्शन लिहा. ज्यावर सही करताना शंका आली, जे बदललं किंवा जे दुसऱ्या कोणी परत पाठवलं, असं एखादं. सरळ गेलेली वीस लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. पेशंटचं नाव, नंबर, जन्मतारीख वहीत येता कामा नये. चार ओळी पुरतात.

माझ्या वहीतलं एक पान दाखवते. ६८ वर्षांच्या बाई, औषध कार्बोप्लॅटिन. याचा डोस कॅल्व्हर्टच्या सूत्राने काढतात: किडनीच्या गाळणीचा आकडा अधिक २५, गुणिले ठरवलेलं एयूसी (औषध रक्तात एकूण किती मिळायला हवं, त्याचा आकडा). पहिल्या सायकलला वजन ५८ किलो, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून टाकते) ५२, गाळणी ८४च्या आसपास, एयूसी ५. डोस सुमारे ५४० मिलिग्रॅम. (इथे क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये येतं. आपल्या मिलिग्रॅमच्या सवयीला आणायचं तर ८८ने भागा.) चौथ्या सायकलपर्यंत अन्न जाईना, वजन ४९वर आलं. क्रिएटिनिन ४०. कॉम्प्युटरने गाळणी ९२ काढली आणि डोस दाखवला ५८०च्या वर. म्हणजे बाई नऊ किलोंनी वाळल्या आणि डोस चाळीसने चढला! क्रिएटिनिन "सुधारलं" म्हणून मी खूश होते, सही करून मोकळी झाले होते. फार्मासिस्टने फोन केला, "सिस्टर, बाईंच्या अंगावर स्नायू राहिलाय का?" क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू झडले की ते उतरतं, आणि किडनी उगाच तरणीताठी दिसते. किरणोत्सारी आयसोटोप टोचून गाळणी प्रत्यक्ष मोजून घेतली. ती कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी निघाली.

त्या पानाने मला जे शिकवलं ते कुठल्या ऑनलाइन मॉड्यूलने शिकवलं नाही. तेव्हापासून डोसच्या आधी मी वजनाचा आलेख उघडते आणि पेशंट खुर्चीतून उठताना बघते.

महिन्यातून एकदा वही घेऊन कन्सल्टंट आणि फार्मासिस्टबरोबर तासभर बसा. तारीख आधी पक्की करून डायरीत टाका. "वेळ मिळाला की बसू" म्हटलं की वर्ष निघून जातं. दोन पानं पुरे. मी मुद्दाम स्वतःची चूक आधी काढते, मग समोरच्याचीही जीभ सैल होते.

यातूनच कागदोपत्री काम निघतं. एनएमसीच्या (इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या) रिव्हॅलिडेशनला, म्हणजे नोंदणी पुढे चालू ठेवायला, तीन वर्षांत ३५ तास अभ्यास दाखवावा लागतो, त्यातले २० इतरांबरोबरचे. महिन्याला एक तास धरला तरी तीन वर्षांत ३६ होतात. आग विझवण्याचं सक्तीचं ट्रेनिंग त्यात धरू नका, ते चालत नाही. पाच रिफ्लेक्टिव्ह अकाउंट लागतात, ते वहीत आधीच पडलेले असतात: काय झालं, काय कळलं, आता मी काय वेगळं करते. फार्मासिस्ट मंडळींना त्यांच्या कौन्सिलकडे दरवर्षी चार सीपीडी (चालू अभ्यासाच्या) नोंदी, एक सहकाऱ्याशी चर्चा आणि एक रिफ्लेक्टिव्ह अकाउंट द्यावं लागतं. त्यांनाही हीच वही चालते.

औषधं लिहून देणाऱ्या सगळ्यांसाठी रॉयल फार्मास्युटिकल सोसायटीची २०२१ची चौकट आहे, दहा क्षमतांची. एका बैठकीत वाचायला घ्याल तर झोप येईल. मी दर वर्षी एकच क्षमता उचलते आणि वहीतली पानं तिच्यापुढे ठेवते. गेल्या वर्षी सहावी घेतली, देखरेख आणि फेरतपासणी. लिहिण्यापेक्षा मी तिथेच जास्त कमी पडत होते.

सर्टिफिकेट मिळालं तेव्हाचं ज्ञान शिळं होत जातं, हे लक्षात ठेवा. मी शिकले तेव्हा कॅपेसिटाबिन (केमोच्या गोळ्या) सुरू करण्याआधी डीपीवायडी जनुकाची तपासणी आमच्याकडे होत नव्हती. २०२०च्या अखेरीला ती इंग्लंडभर आली. ज्यांच्यात औषध फोडणारं एन्झाइम कमी, त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. आता तो रिपोर्ट बघितल्याशिवाय पहिली सायकल मी पुढे जाऊ देत नाही.

नवीन औषध आपल्या यादीत (आपण लिहू शकतो त्या औषधांच्या) घ्यायचं तर आधी पाच पेशंट कन्सल्टंटजवळ बसून बघते, पुढचे पाच त्यांच्या नजरेखाली लिहिते, मगच एनएमपी लीडकडे (डॉक्टर नसूनही औषधं लिहिणाऱ्यांच्या प्रमुखाकडे) कागद. कॉरिडॉरमध्ये जाता जाता कोणी म्हणतं, "एवढं लिहून टाक ना." यादीत नसेल तर सरळ नाही म्हणा. पहिल्यांदा जीभ अडखळते, पुढे सवय होते.

इम्युनोथेरपीला (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांना) सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण तिथे केमोची सवयच आडवी येते. केमोवाला आणि इम्युनोथेरपीवाला, दोघांचाही फोन येतो: "सिस्टर, काल सहा वेळा जुलाब." कॅपेसिटाबिनवाला असेल तर गोळ्या थांबवा, जुलाब थांबवणारं लोपेरामाइड, पाणी, तपासणी. पेम्ब्रोलिझुमॅबवाला (इम्युनोथेरपीवाला) असेल तर ती आतड्याची स्वप्रतिकार सूज असू शकते, शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीसुद्धा. तिथे जंतुसंसर्ग तपासायचा, स्टेरॉइडचा विचार लगेच करायचा. नुसतं लोपेरामाइड देऊन पेशंटला घरी बसवलं तर सूज आत वाढत राहते.

लांब रजेवरून परतलात तर पहिले दोन आठवडे दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये बसा. मी बाळंतपणानंतर बसले होते. लाज वाटली, पण बसले.

गेल्या गुरुवारचं पान: पेम्ब्रोलिझुमॅब, आठवी सायकल, थकवा, सोडियम कमी, १२९. थकवा कॅन्सरचा म्हणून सोडून दिला. घरी निघताना वही उघडली आणि लिहिताना लक्षात आलं, कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासायला पाठवलंच नाही. तिथूनच फोन करून सकाळी नऊला बोलावलं. कॉर्टिसोल ४० आलं, फारच कमी. पिट्युटरी (कॉर्टिसोल बनवायचा हुकूम देणारी मेंदूखालची ग्रंथी) बसली होती. त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं. या महिन्याच्या बैठकीत हेच पान आधी काढणार आहे.