कोर्टाची तारीख आहे, कपडे कोणते घालायचे?

कोर्टातला पेहराव नियमाने बांधलेला आहे तो वकिलांचा: काळा कोट, गळ्याशी पांढरा बँड. पक्षकाराने किंवा साक्षीदाराने अमुकच घालावं असा नियम नाही. त्यामुळे तारखेसाठी कपड्यांची खरेदी करू नका. चारचौघांत जाताना घालता तेच, धुऊन इस्त्री केलेले, पुरेत. धोतर, पायजमा, फेटा, नऊवारी यांत कमीपणा अजिबात नाही. पांढरा शर्ट आणि काळी पँट मात्र टाळा, गर्दीत लोक वकील समजून विचारायला येतात. फिकट निळा शर्ट आणि राखाडी पँट, किंवा साधा पंजाबी ड्रेस, सुती साडी उत्तम. फाटकी जीन्स, हाफ पँट, मजकूर छापलेला टी-शर्ट नको.

आदल्या रात्री कपडे अंगावर चढवून बघा. नुसतं आरशात बघून भागत नाही. बसा, उठा, टेबलावर सही करतो तसं पुढे वाका. साक्ष झाली की जबाबावर सही करायला असंच वाकावं लागतं, आणि नेमका तेव्हा पदर किंवा ओढणी घसरते. खांद्यावर पिन लावा. बांगड्या दोन-तीनच ठेवा. तुम्ही बोलता ते न्यायाधीश टायपिंग करणाऱ्याला सांगत असतात. त्यात किणकिण झाली की शब्द निसटतो, आणि उतरला जातो तो तुमचाच जबाब. चष्मा विसरू नका, पिंजऱ्यात कागद हातात देऊन ‘ही सही तुमचीच का?’ असं विचारतात.

पोटगीच्या दाव्यात दागिन्यांचा प्रश्न नाजूक असतो. अंगावर भरपूर सोनं दिसलं की उलटतपासात ते कुठून आलं हे विचारलं जाऊ शकतं. पण मुद्दाम विटके कपडे घालून गरिबी दाखवायलाही जाऊ नका. राहणी खरी आहे तशीच दिसू द्या.

सकाळी अकराला पोचलात तरी पुकारा दुपारच्या सुट्टीनंतर होऊ शकतो. म्हणून घाम शोषणारं सुती कापड आणि पायात रुळलेली चप्पल किंवा बूट हवेत. नवे बूट चावतात, आणि साक्ष उभ्यानेच द्यावी लागू शकते. दुचाकीवर तोंडाला बांधलेला स्कार्फ, गॉगल आणि क्रिकेटची टोपी दाराबाहेरच काढा. मोबाइल सायलेंट नव्हे, बंदच करा. पातळ शर्टाच्या खिशात स्क्रीन उजळली तरी समोरून दिसते.

पावसाळ्यात गडद पँट बरी, चिखलाचे शिंतोडे उठून दिसत नाहीत. समन्स आणि आधार कार्ड प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घ्या, ओला रेनकोट हॉलबाहेरच ठेवा. सुनावणी व्हिडिओवर असेल तरी पायापर्यंत नीट कपडे घाला. कागद आणायला मध्येच उठावं लागलं, तर कॅमेरा सगळंच दाखवतो.